गफ्फारचाचांचा बारा व्होल्टचा डबा

शेवटची भेट भांडणातच गेली, आणि ते बरंच झालं. गोडगोड बोलून निरोप घेतला असता तर तो गफ्फारचाचांचा निरोप वाटलाच नसता. अमरावतीला त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा ते नुकतेच डायलिसिसहून आले होते. खाटेवर आडवे, डाव्या हाताला पट्टी, डोळे मिटलेले. मी चप्पल काढत होते तेवढ्यात डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "अकोल्याचा डबा कुठी ठेवला?" डबा म्हणजे आमच्या लाइनवरचे फोन उचलणारा छोटा कॉम्प्युटर. म्हटलं, फ्रिजवर. झालं! उठूनच बसले. "फ्रिजवर? मागून फ्रिजची गरम हवा, वरून तुह्या खोलीचा पत्रा, अन् मधात डबा. भाकर भाजून राहिली काय त्याच्यावर?" आतून चाची ओरडल्या, "लेटे रहो जी, चार घंटे मशीन पे थे." पण ते कुठले ऐकतात. माझ्याच पिशवीतलं एक पत्रक काढून त्याच्या मागे त्यांनी चित्र काढलं : डबा भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, भिंतीपासून चार बोटं सुटा, पाठीवरच्या खाचा उभ्या, म्हणजे गरम हवा आपोआप वर जाईल. मी म्हटलं, घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. "मंग घरमालकाले फोन लाव न." त्या थकल्या अंगानं ते माझ्या घरमालकाशी वीस मिनिटं बोलले. तो कधी काळी टेलिफोनचा ग्राहक होता म्हणे, त्याच्या जुन्या नंबराची आठवण काढली, खबरबात विचारली, आणि शेवटी चार खिळ्यांची परवानगी घेऊनच फोन ठेवला. मी अकोल्याला परत आले आणि डबा भिंतीवर लावला. आठ दिवसांनी गफ्फारचाचा गेले.

हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसणार, आणि याचा मला राग आहे. आपल्याकडे कोणाच्याही वाढदिवसाला चौकात फलक लागतो, खाली शुभेच्छुकांचे तीस चेहरे. आणि ज्या माणसामुळे कितीतरी आजारी माणसांचे हेलपाटे वाचले, त्याच्यासाठी एक साधा बोर्ड नाही. नाही तर नाही. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. हे त्यांचं पत्रक समजा, जरा लांब झालेलं.

अब्दुल गफ्फार टेलिफोन खात्यात खांबावर चढणारे म्हणून लागले आणि एक्सचेंजच्या बॅटरी रूममधून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर दोन वर्षांत किडन्या गेल्या. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मला ते भेटले ते तिथेच, अमरावतीच्या एका दवाखान्याच्या डायलिसिस सेंटरबाहेर. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. भीतीपोटी नव्हे, तिथली एक टेक्निशियन ताई अजून नोकरीत आहे आणि या गोष्टीत तिचा मोठा हात आहे, म्हणून. सेंटरला तीन मशीन होती. पाणी शुद्ध करणारी मोटर बिघडली की तिन्ही बंद. ती बिघडायची, आणि ते कळायचं कधी? दारात पोहोचल्यावर! अंजनगाव सुर्जीहून, नांदगाव खंडेश्वरहून माणसं पहाटेच्या एसटीनं यायची. पाय सुजलेले, श्वास लागलेला, सोबत घरचं कोणी मजुरी बुडवून आलेलं. दारावर कागद चिकटवलेला असायचा : आज सेवा बंद. कागद लावणाऱ्याला यात काही गैर वाटत नसे. जसं काही किराणा दुकानच बंद आहे, उद्या या.

मी त्या दारात पत्रकं वाटत होते. मथळा माझाच होता : "मशीन बंद, जाब द्या!" एका पायरीवर बसलेल्या, पांढरी टोपी घातलेल्या माणसानं पत्रक घेतलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, मग उलटवून मागची बाजू पाहिली. "मागं काहीच नाई?" म्हटलं, मागे कशाला काही असेल? "समोर तू शिव्या घातल्या, बराबर आहे, घालाच पायजे. पण ह्या बाईच्या हाती हे पत्रक दिलं तू..." शेजारी एक बाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "हिले परवा सकाळी घरून निघाव का नाई निघाव, हे याच्यात कुठी आहे?" मी चिडले. म्हटलं, चाचा, हा प्रश्न व्यवस्थेचा आहे, आम्ही मोर्चा काढतोय. "काढ न. मीबी येतो. पण मोर्चा सोमवारी आहे. हिच्या नवऱ्याचा डायलिसिस शनिवारी आहे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पर्चेवाली' झाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

त्यांची कल्पना साधी होती. एक नंबर असावा. त्यावर कोणीही, कोणत्याही फोनवरून, घरून निघण्याआधी फोन करावा आणि एकच गोष्ट ऐकावी : आज मशीन चालू आहे की बंद. आमच्या संघटनेतल्या शहाण्यांनी लगेच विचारलं, व्हॉट्सअॅप ग्रुप का नको? चाचा म्हणाले, "माह्यासंगं मशीनवर असते त्या अंजनगावच्या महादेवरावाच्या घरी बटनाचा फोन आहे, त्याच्यावर कोनता ग्रुप?" शिवाय वाचता न येणारे बरेच, आणि परवाचा मेसेज आज फॉरवर्ड करणारे त्याहून जास्त. मग मोबाइल ठेवून एखाद्यानं उचलत बसावं? उचलणारा एक, करणारे कितीतरी, आणि सगळे पहाटेच्या त्याच अर्ध्या तासात. चाचा तर स्वतः आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मशीनला जोडलेले. म्हणून त्यांनी ठरवलं, घरी इंटरनेटवरून येणाऱ्या फोनची लाइन घ्यायची, एका वेळी चार जण ऐकू शकतील अशी, आणि तिला उत्तर द्यायला एक कॉम्प्युटर बसवायचा, जो कधीच बंद होणार नाही. फक्त आलेला फोन उचलायचा आणि खबर सांगायची, पुढे कुठे जोडायचा नाही, हे कायद्यात बसतं का, तेही ते जुन्या ऑफिसात जाऊन विचारून आले. तिथल्या साहेबानं विचारलं, गफ्फारभाई, निवृत्तीनंतर हा उद्योग काहून? "पेन्शन खाऊन राहिलो न खात्याची," चाचा म्हणाले, "थोडीशी ड्यूटी बाकी आहे."

कॉम्प्युटर मी देते म्हटलं. अकोल्याच्या आमच्या ऑफिसात एक जुना होता, पत्रकं त्याच्यावरच जुळवायचो. तो मी पोत्यात बांधून एसटीनं अमरावतीला नेला, मांडीवर घेऊन. छाती फुगली होती माझी. चाचांनी तो लावला आणि सगळ्यात आधी वायरीला मीटर लावला. स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चाचींना हाक मारली, "अजी सुनो, पर्चेवाली आपल्यासाठी पंखा घेऊन आली. एक नाई, दोन पंखे खाते एवढा करंट." घरच्या जुन्या बॅटरीवर तो लावला तर पाचव्या तासाला बंद पडला. आतला पंखा दळणाच्या चक्कीसारखा घरघरत होता. "तुह्या कॉम्प्युटरचं तुह्यासारखंच आहे, पोरी. आवाज लय, अन् दम कमी." चाची खो खो हसल्या. मी हसले नाही. पाच तास कमी आहेत का, म्हणून भांडले.

तेव्हा त्यांनी मला शिकवलं ते आजवर कुठल्या शिबिरात मी ऐकलं नव्हतं. म्हणाले, गावातली लाइट गेली तरी जुना टेलिफोन चालायचा, आठवतं? मला आठवत नव्हतं, वयच नव्हतं. पण आईच्या तोंडून ऐकलं होतं. "काहून चालायचा? एक्सचेंज लाइटवर चालतच नाई. ते चालते बॅटरीवर, चोवीस तास. लाइट फक्त बॅटरी भरते. लाइट गेली तं एक्सचेंजले मालूमच पडत नाई." सगळं जग कॉम्प्युटर निवडताना तो किती जलद ते बघतं. हा माणूस आधी बॅटरी मांडून बसला होता आणि त्या बॅटरीला शोभेल असा कॉम्प्युटर शोधत होता. वळवाच्या वादळात आमच्याकडे तार तुटली की सगळा दिवस लाइट येत नाही. तेवढा दिवस आणि वर अर्धा दिवस निघाला पाहिजे, हा त्यांचा हिशोब. आणि नुसता कॉम्प्युटर जागा राहून काय उपयोग? इंटरनेटचा मोडेमही त्याच बॅटरीवर जागा पाहिजे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग सुरू झाली निवड. आधी त्यांनी पत्त्यांच्या कॅटएवढी, उघड्या सर्किटची एक पाटी मागवली, तीही कॉम्प्युटरच, मोबाइलच्या चार्जरवर चालणारी. वीज नावापुरती खायची. मी म्हटलं, झालं काम. चाचा म्हणाले, उन्हाळा जाऊ दे. त्यांचं बरोबर निघालं. तिची सगळी माहिती नखाएवढ्या मेमरी कार्डात, आणि अमरावतीच्या मे महिन्यात ते कार्ड दोनदा गेलं. त्यांनी ती पाटी रुमालात गुंडाळून ठेवून दिली. "हुशार आहे, पन नाजूक आहे. कॉलेजच्या पोराले बराबर. आपल्याले ड्यूटी करनारा पायजे." मग ते भंगारबाजारात जाऊ लागले. डायलिसिस नसलेल्या दिवशी, सकाळच्या उन्हात, खिशात मीटर आणि हातात कापडी पिशवी. एका ढिगात त्यांना तो दिसला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, पाठ्यपुस्तकाएवढा, लोखंडी, पाठीवर खाचा असलेला डबा. आत पंखाच नाही. जे फिरतच नाही ते बिघडणार काय? मेमरी कार्ड नाही, आतच पक्की साठवण. आणि चाचांनी मागे खाली चिकटवलेला कागद घासून वाचला तर चालतो किती व्होल्टवर? बारा! म्हणजे थेट त्यांच्या बॅटरीवर, मध्ये इन्व्हर्टरच नको. भरताना बॅटरी चौदा व्होल्टच्या वर जाते म्हणून मध्ये बारावर धरून ठेवणारा एक छोटा कन्व्हर्टर बसवला, फ्यूज टाकला, आणि मला फोन केला. मला वाटलं घरात कोणाचं लग्न ठरलं. असा आवाज होता. "पर्चेवाली, मिळाला. अन् बॅटरी दीड दिवस!"

साठी ओलांडलेल्या त्या माणसानं फोन उचलणाऱ्या प्रोग्रॅमची इंग्रजी पानं छापून आणली, शब्दाशब्दाखाली पेन्सिलनं उर्दूत अर्थ लिहिला, आणि महिनाभरात लाइन बोलायला लावली. पहाटे टेक्निशियन ताई सेंटर उघडायची, मोटर लावायची, पाणी तपासायची आणि चाचांना फोन करायची. एकच शब्द, चालू किंवा बंद. चाचा लगेच लाइनवर आपल्या आवाजात सांगून ठेवायचे. मी सुचवलं होतं की सुरुवातीला दहा सेकंद आपली मागणी टाकू. "श्वास लागलेल्या मानसाले तुही मागणी ऐकवशीन?" एवढंच म्हणाले. मागणी राहिली पत्रकाच्या पुढच्या बाजूला. मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही नंबर छापला, मोठ्ठा, लांबून दिसेल असा.

आता जे लिहायचं आहे ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा ठरेल. चाचांच्या हाताची शस्त्रक्रिया होती, नागपूरला, दोन दिवस. ते दोन दिवस लाइन माझ्याकडे. फोनवरून कुठूनही खबर बदलता यायची, मी अकोल्याहून बदलणार होते. पहिल्या दिवशी केलं. दुसऱ्या दिवशी आमचं अकोल्यात धरणं होतं, याच प्रश्नावर. पहाटे मी टेम्पोवर भोंगे बांधून घेत होते. ताईचा फोन आला, "मोटर जळाली, आज बंद." मी संतापले. इतकी संतापले की तिथल्या तिथे भाषणाचं पहिलं वाक्य सुचलं. दोन तासांनी भोंग्यावरून साऱ्या अकोल्याला ओरडून सांगितलं, "आज, या क्षणी, अमरावतीत मशीन बंद आहे!" टाळ्या पडल्या. साऱ्या अकोल्याला सांगितलं मी... लाइनवर सांगायचं राहिलं. लाइन सकाळभर कालचीच खबर देत होती. मशीन चालू आहे, या.

अंजनगावचे महादेवराव सुनेला घेऊन आले. बंद दार. परतताना श्वास इतका लागला की दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जीपनं न्यावं लागलं. वाचले. नागपूरहून आल्यावर हाताला ताजी पट्टी घेऊन चाचा मला म्हणाले, "चल, अंजनगावले." महादेवराव ओट्यावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत चाचाच बोलले, "भाऊ, चूक माही आहे. लाइन माही आहे." महादेवरावांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "गफ्फारभाई, पाय लय सुजले होते. मी त्या दिवशी येनारच नोतो. सुनेले म्हनलं, फोन लावून पाय. तुमी या म्हनलं, म्हून आलो." याहून मोठी शिवी मला आजवर कोणी दिलेली नाही. मग त्यांनी सुनेला चहा सांगितला. "पाहुन्याइले पुरा कप, अन् आमाले दोघाले अर्धा-अर्धा. आमचं पानी डाक्टरनं मोजलेलं आहे न बाप्पा." दोघं अर्धा कप चहा पीत, कोणाला किती पाणी परवडतं यावर बोलत बसले. मी पूर्ण कप हातात धरून बसले.

परतीच्या एसटीत, दर्यापूर मागे पडल्यावर, चाचा बोलले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "आमच्या खात्यात आमचं काम काय होतं? लाइन जिती ठेवनं. तिच्यावर कोन काय बोलते, खरं का खोटं, आमाले काय करायचं? तीस वर्षं तसं केलं. मी हा डबाबी तसाच बांधला. लाइन जिती होती न त्या दिवशी, एक सेकंद बंद नोती... अन् खोटं बोलून राहिली होती." मग माझ्याकडे वळले. "तुह्यावर भरोसा ठेवला ही चूक नाई. मानूस भुलते. पन मानूस भुलला हे डब्याले समजाले पायजे होतं."

घरी गेल्यावर त्यांनी नियम बसवला. रात्री बारा वाजले की त्या दिवसाची खबर आपोआप मरते. नवीन खबर येईपर्यंत लाइनवर त्यांचाच आवाज : "मी गफ्फार बोलतो. आजची खबर अजून आली नाई. घरून निघू नका. साडेपाचनंतर पुन्हा फोन लावजा." एवढंच. त्यानंतर लाइन कधी "माहीत नाही" म्हणाली असेल, खोटं एकदाही बोलली नाही. हे वाक्य मी अभिमानानं लिहिते आहे. एवढं वाक्य स्वतःबद्दल म्हणू शकेल असं एक कार्यालय मला या दोन जिल्ह्यांत दाखवा. माझ्या संघटनेचं पत्रकही म्हणू शकत नाही, हे मीच सांगते.

आणि रोजची प्रत्येक खबर डब्यात तारखेनिशी साठत गेली. सेंटरच्या वरच्या साहेबांबरोबर बैठक झाली तेव्हा साहेब म्हणाले, मशीन साधारणपणे चालूच असते. मी उठून ओरडणार होते. चाचांनी माझी ओढणी खाली ओढली, मोबाइल टेबलावर ठेवला आणि एकेक तारखेची खबर ऐकवायला लागले. बंद. बंद. चालू. बंद. स्वतःच्याच आवाजात, मान खाली घालून, एका महिन्याच्या तारखा. सहाव्या-सातव्या 'बंद'नंतर साहेब म्हणाले, पुरे. दुसरी मोटर मंजूर झाली. आमच्या पत्रकात मी लिहिलं, "लढ्याला यश!" चाचांनी ते वाचलं, उलटवलं आणि म्हणाले, "मागच्या बाजूले नंबर बराबर छापला न?"

गेल्या वर्षी बार्शीटाकळीच्या काही जणांनी विचारलं, अकोल्याच्या सेंटरसाठी असं का नाही? चाचा म्हणाले, आता तू बांध. डबा मी निवडला. भंगारातून, बिनपंख्याचा, बारा व्होल्टचा. मीटर लावून त्यांना फोनवर आकडा सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा मोजायला लावला. मग, "पास." दहावीच्या निकालालासुद्धा मी इतकी खूश झाले नव्हते. फ्रिजवर ठेवला ही गोष्ट वेगळी.

ते गेले त्या सकाळी मला काहीच माहीत नव्हतं. रोजच्यासारखा पावणेसहाला अमरावतीचा नंबर लावून पाहिला, ती माझी सवयच. आवाज चाचींचा होता. "आज तीनों मशीन चालू हैं. तीनई मशीन चालू आहे. या." थोडा अडखळलेला, पण स्वच्छ. मला वाटलं, चाचांचा घसा बसला असेल, आज चाचींची ड्यूटी. हसूही आलं. चिडवायला म्हणून मी चाचांच्या मोबाइलवर फोन लावला. चाचींनीच उचलला. "काय चाची, प्रमोशन झालं का?" म्हटलं मी. त्या म्हणाल्या, "चाचा गेले, बेटा. पाच वाजता. झोपेतच." त्या पुढे म्हणाल्या, "तेवढ्यात त्या ताईचा फोन आला, चालू म्हनून. उनका फोन था, मैं क्या करती? खबर लाइनवर टाकली. सहा वर्षं रोज पाहून राहिली होती न, कोनतं बटन दाबतात ते. आता पाव्हन्याइले फोन लावते." आधी लाइन. मग नातेवाईक.

दफन दुपारच्या नमाजनंतर ठेवलं होतं. चाचींचाच निरोप होता, सकाळच्या शिफ्टवाल्यांचं डायलिसिस होऊ द्या, मग माती द्या. लोक थेट सेंटरमधून आले, हाताला ताजी पट्टी लावलेले. खांदा देता येत नव्हता, जो हात मशीनला लागतो त्यानं वजन उचलायचं नसतं. ते मागून चालले. महादेवराव दुसऱ्या हातात टोपी धरून चालत होते. मी बायकांबरोबर दारात उभी राहून हे पाहिलं.

पंधरा दिवसांनी संघटनेत विषय निघाला. लाइनवर मध्यरात्रीपासून "मी गफ्फार बोलतो" असं चालू राहतं. गेलेल्या माणसाचा आवाज असा ठेवावा का? कोणी म्हणालं, बदला, लोकांना कसंतरी होतं. कोणी म्हणालं, मुळीच बदलू नका. मी म्हटलं, हे ठरवणारे आपण कोण? आणि चाचींना विचारायला अमरावतीला गेले. मुक्कामी राहिले. पहाटे जाग आली तेव्हा चाचींची नमाज झाली होती. त्या चाचांच्या खाटेवर बसल्या होत्या, मोबाइल स्पीकरवर. भिंतीवर डबा, त्याचा हिरवा दिवा. "मी गफ्फार बोलतो. आजची खबर अजून आली नाई. घरून निघू नका..." संपलं की त्यांनी पुन्हा लावला. मग पुन्हा. चौथ्यांदा त्यांना मी जागी असल्याचं दिसलं. लाजल्या नाहीत. सरकून मला जागा दिली. आम्ही दोघींनी ऐकलं. त्या आवाजात कुठे खास काही नाही. बसच्या चौकशीच्या खिडकीवर सांगतात तितकंच साधं. पण "निघू नका" म्हणताना ते जरा थांबत असत... ते मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

विचारायचं होतं ते विचारायची गरजच राहिली नाही. साडेपाचला ताईचा फोन आला : दोन चालू, एक बंद, दुसऱ्या शिफ्टवाल्यांनी दुपारी यावं. चाचींनी लगेच नंबर फिरवला. एकदा का त्यांनी खबर टाकली की चाचांचा आवाज रात्री बारापर्यंत जाणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी म्हणाले, "चाची, दोन मिनिटं थांबा न. अजून एकदा ऐकू."

"थांबू कशी? अंजनगावची गाडी थांबून राहिली काय?" बटणं दाबताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पदर सावरला, घसा साफ केला, आणि आपल्या आवाजात सांगायला लागल्या, "आज दो मशीन चालू हैं..."

त्यांचं सांगून झाल्यावर मी माझ्या फोनवरून नंबर लावला. लाइन बरोबर बोलत होती. पाच वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.